जोडी आणण्याआधी घर लावा : बजरीगर पाळणाऱ्या नवख्यांसाठी

आमच्याकडे पक्षी आधी आले आणि धड पिंजरा चार दिवसांनी. मुलाच्या वाढदिवसाला त्याच्या मामाने हौसेने बजरीगरची, म्हणजे छोट्या रंगीत पोपटांची, जोडी आणून दिली, सोबत एक गोल, सोनेरी, फोटोत फार गोड दिसणारा पिंजरा. आत दोघांना पंख पसरता येत नव्हते. एकाने अंग झाडलं की दुसरा दचकून जाळीला लटकायचा. ते चार दिवस मी ठाण्यात वर्तकनगरच्या आमच्या दोन खोल्यांत नुसती गरगरत होते. पिंजरा कुठे ठेवू, पंखा लावू की नको, हे खात का नाहीत? म्हणून इथे सगळं उलट्या क्रमाने सांगते. आधी जागा, मग पिंजरा, मग खाणं, आणि पक्षी सगळ्यात शेवटी. सगळी तयारी झाली की मगच दुकानात जा.

आधी नावाचा घोळ

ठाण्यात दुकानात जाऊन "लव्हबर्ड दाखवा" म्हटलंत की बहुतेक वेळा समोर येतात ते बजरीगर. हिरवे, पिवळे, निळे, पांढरे, मानेवर आणि पंखांवर बारीक काळ्या लाटा असलेले. हे मूळचे ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या माळरानावरचे. खरा लव्हबर्ड आफ्रिकेतला, आखूड शेपटीचा, जाड चोचीचा आणि बराच तापट. दोघांची सोय वेगळी, म्हणून आपण काय घेतोय ते नीट बघा. हा लेख बजरीगरचा आहे.

आणि आपला हिरवा राघू, गळ्याला गुलाबी कंठ असलेला? तो घरात पाळता येत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे तो गुन्हा आहे, आणि एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या सुधारणेनंतर राघू दुसऱ्या अनुसूचीत आहे. उन्हाळ्याच्या तोंडावर कुणी टोपलीत पिल्लं घेऊन दिसलं तर दया येऊन विकत घेऊ नका. तुम्ही एक सोडवलंत की तो आणखी दोन ढोल्या रिकाम्या करणार. वन विभागाचा १९२६ हा फोन क्रमांक त्यासाठीच आहे.

जागा

पहिला विचार सगळ्यांच्या मनात येतो तो गॅलरीचा. हवा आहे, ऊन आहे, घाण बाहेरच्या बाहेर. तो विचार सोडून द्या. आमच्या समोरच्या इमारतीत गॅलरीत टांगलेल्या पिंजऱ्यातल्या पक्ष्याचं बोट कावळ्याने जाळीतून ओढून तोडलं. येऊरच्या डोंगराच्या पायथ्याला राहत असाल तर माकडं, बाकी सगळीकडे मांजर आणि उंदीर. शिवाय कबुतरांची घाण उडून येते ती वेगळीच. आणि जून ते सप्टेंबर गॅलरीत जे काही असतं ते ओलंच असतं.

स्वयंपाकघर तर नकोच. त्याची कारणं खाली येतील.

राहिला हॉल. एका बाजूला भिंत असलेला कोपरा निवडा. चारही बाजू उघड्या असल्या की पक्षी सतत मान फिरवत राहतो. पिंजरा आपल्या छातीच्या ते डोळ्यांच्या उंचीवर हवा. जमिनीवर ठेवला तर वरून जाणारा प्रत्येक माणूस त्याला घारीसारखा वाटतो. सकाळचं कोवळं ऊन पिंजऱ्याच्या अर्ध्या भागावर पडलं तर उत्तम, उरलेल्या अर्ध्या भागात सावली हवीच. एसीचा झोत थेट अंगावर नको, टीव्हीच्या शेजारी नको. रात्री त्यांना दहा-बारा तास अंधार आणि शांतता लागते. आपल्या हॉलमध्ये अकरापर्यंत मालिका चालतात, तेव्हा संध्याकाळी पिंजरा आतल्या खोलीत न्यायची सोय आधीच करून ठेवा. चाकांचं स्टँड घेतलं तर रोजची उचलाउचल वाचते.

पिंजरा

दोघांसाठी कमीत कमी ३० इंच लांब, १८ इंच रुंद, १८ इंच उंच. उंचीपेक्षा लांबी महत्त्वाची, कारण हे पक्षी आडवे उडतात, हेलिकॉप्टरसारखे सरळ वर जात नाहीत. दोन गजांमधलं अंतर अर्धा इंच, त्याहून जास्त नको, डोकं अडकतं. दोन बाजूंचे गज आडवे असले तर चोचीने पकडून चढायला बरं पडतं. गोल पिंजरा घेऊच नका. मिळालाच असेल तर त्यात मनीप्लांट ठेवा.

जस्ताचा मुलामा दिलेली नवी जाळी असेल तर ती व्हिनेगर लावून घासा, धुवा, कडक उन्हात वाळवा. हे पक्षी दिवसभर जाळी चावतात आणि जस्त पोटात जाणं त्यांना विषारी ठरतं. रंगाचे पोपडे निघालेला जुना पिंजरा फुकट मिळाला तरी नको.

दार वर सरकणारं असेल तर त्याला कपड्यांचा चिमटा लावा. बंड्या (आमचा पिवळा) तिसऱ्या आठवड्यात चोचीने दार उचलायला शिकला. उचलायचा आणि सोडून द्यायचा, खटखट आवाज ऐकायला. एकदा ते मानेवर पडलं असतं.

आतल्या दांड्या म्हणजे दुकानातून येणाऱ्या गुळगुळीत प्लास्टिकच्या काड्या. त्या काढून टाका. सगळ्या एकाच जाडीच्या असल्या की पायाच्या एकाच जागेवर सतत भार पडतो आणि तळव्याला जखमा होतात. पेरू, आंबा, कडुनिंब किंवा शेवग्याची बोटाच्या जाडीची फांदी आणा, फवारणी न झालेल्या झाडाची. ब्रशने धुवा, दोन-तीन दिवस कडक उन्हात ठेवा. थोडी जाड, थोडी बारीक, थोडी वाकडी असली तर जास्त चांगली. एक फांदी एका टोकाला, दुसरी दुसऱ्या टोकाला, मधला भाग उडायला मोकळा. खाण्याच्या आणि पाण्याच्या भांड्यांवर फांदी येऊ देऊ नका, नाहीतर सगळी शी पाण्यात.

तळाला वर्तमानपत्र. रोज बदलायचं, आणि बदलताना नजर टाकायची. चांगली शी म्हणजे हिरवट काळी वळी आणि मधे पांढरा ठिपका. यात फरक पडला की आजार कळतो, पक्ष्याने तो दाखवायच्या कितीतरी आधी.

खेळणी फार नकोत. नारळाची करवंटी, झोपाळा, कागदाची गुंडाळी. लोंबणारे सुती दोरे टाळा, नख अडकून पाय मोडतो. आरसा जोडीला लागत नाही.

पंखा, तवा, धूप

पिंजऱ्यापेक्षा जास्त काम इथे आहे, आणि दुकानदार याबद्दल एक शब्द काढत नाही.

नॉनस्टिकचा रिकामा तवा गॅसवर तापत राहिला तर त्याच्या लेपातून वायू निघतो. आपल्याला वासही येत नाही, पण पक्षी काही मिनिटांत मरतो, शेजारच्या खोलीत असला तरी. पक्ष्यांची श्वसनसंस्था आपल्याहून फार वेगळी आणि फार कार्यक्षम असते, हवेतलं सगळं ती ओढून घेते. सँडविच मेकर, एअर फ्रायर, काही इस्त्र्या यांनाही तोच लेप असतो. आम्ही बिडाचा तवा परत काढला. भाकरीही सुधारली.

त्याच कारणाने मच्छर अगरबत्ती, उदबत्ती, धूप, कापूर, रूम स्प्रे, फिनेल हे सगळं पक्ष्याच्या खोलीतून बाद. आमच्याकडे रोज संध्याकाळी धूप असायचा आणि सासूबाईंना कसं सांगावं हा माझा मोठा प्रश्न होता. मी म्हटलं, "आई, धुराने यांना त्रास होतो हो." त्या म्हणाल्या, "मग देवघराचं दार लावून घेते, त्यात काय एवढं." मी उगीच तीन दिवस घाबरले होते. डासांसाठी पिंजऱ्यावर रात्री मच्छरदाणी टाका, चोच पोचणार नाही अशी ताणून. पावसाळ्यात खाली धूर फवारणीची गाडी आली की आधी खिडक्या लावायच्या, मग बाकीचं. दिवाळीत तीन-चार दिवस आतल्या खोलीत, पडदे ओढून, मंद दिवा लावून. अंधारात फटाका वाजला की ते बावरून जाळीवर आपटतात.

छताच्या पंख्याचं वेगळं सांगायला नको असं वाटतं, पण पक्षी मोकळा असताना कुणीतरी सवयीने बटण दाबतंच. आम्ही बटणावर चिकटपट्टी लावतो. पक्षी बाहेर सोडताना लावायची, आत गेले की काढायची.

खाणं

दुसऱ्या दिवशी मुलगा म्हणाला, "आई, वाटी भरलेली आहे, पण हे सारखे वाटीतच चोच मारतायत." मी बघितलं, काठोकाठ भरलेली. संध्याकाळी सहज वाटीवर फुंकर मारली तर सगळं उडून टेबलावर. आत दाणाच नव्हता, नुसती टरफलं. बजरीगर दाणा चोचीत फिरवून सोलतात आणि टरफल तिथेच टाकतात. वरून बघणाऱ्याला वाटी भरलेलीच दिसते. अशा भरल्या वाटीपाशी पक्षी उपाशी मरतात. रोज सकाळ-संध्याकाळ फुंकर मारायची, आणि दाणा बदलायचा.

मुख्य दाणा राळा, ज्याला दुकानात कांगणी म्हणतात. त्यात बाजरी, थोडी साळ, थोडे सालीसकट ओट्स. दिवसाला एका पक्ष्याला साधारण दीड ते दोन चमचे, चहाचे. सालीसकट धान्यच घ्या. किराण्यातली वरी किंवा पॉलिश केलेला राळा उपयोगाचा नाही. धान्य जिवंत आहे का हे बघायची सोपी युक्ती: चमचाभर ओल्या फडक्यात बांधून ठेवा. दोन दिवसांत मोड आले तर चांगलं, नाही आले तर जुनं. आणि मोड आले असतील तर धुऊन तेच पक्ष्यांना द्या, नुसत्या कोरड्या दाण्यापेक्षा ते भलं.

पावसाळ्यात दाणा पाव-पाव किलोच आणा. कुबट वास आला, जाळी धरली की सरळ फेका, बुरशी लागलेला दाणा त्यांना मारतो. घरात धान्याला लावतो तशी पाऱ्याची गोळी किंवा बोरिक पावडर या डब्यात चुकूनही नको. डबा फ्रीजमध्ये ठेवा, पोरकिडे होत नाहीत.

नुसत्या दाण्यावर ठेवलेला पक्षी लठ्ठ होतो आणि अ जीवनसत्त्वाअभावी आजारी पडतो. म्हणून रोज थोडी भाजी. कोथिंबीर, शेवग्याचा पाला, मेथी, किसलेलं गाजर, ढोबळी मिरची, मक्याचं कोवळं कणीस. पालक अधूनमधून. पहिले काही दिवस ते भाजीकडे साप बघितल्यासारखे बघतील. कंटाळू नका. कोथिंबिरीची जुडी धुऊन ओलीच जाळीला उलटी टांगा. आमच्या नान्याने पहिल्यांदा ती खाल्ली नाही, तिच्यात घुसून अंघोळ केली. डोकं खाली, पंख फुलवलेले, पानांवरचं पाणी अंगावर चोळत होता. खायला लागला तो तिसऱ्या दिवशी.

अजिबात देऊ नका: ॲव्होकाडो, चॉकलेट, चहा-कॉफी, कांदा, लसूण, मिठाचं काहीही, सफरचंदाच्या बिया. पाहुणे "एक चिवड्याचा दाणा देऊ का" म्हणतात. नाही म्हणायचं.

कॅल्शियमसाठी समुद्रफेन, म्हणजे माकुलाच्या आतलं पांढरं कवच, जाळीला बांधा. पाळीव प्राण्यांच्या दुकानात मिळतं, काष्ठौषधीच्या दुकानातही मिळतं. बाजारात माकूल साफ करणाऱ्या मावशींकडे मागितलंत तर फुकट देतील. ते काही दिवस रोज पाणी बदलत साध्या पाण्यात भिजवायचं, खारटपणा आणि वास गेला की उन्हात वाळवायचं.

पाणी दिवसातून दोनदा बदला, आणि भांडं नुसतं विसळू नका, आतून हात फिरवून घासा. बुळबुळीत लागलं तर ते पाणी तुम्ही उशिरा बदललंत.

मडक्याचं काय

"ताई, जोडी घेताय तर मडकं पण न्या, महिन्याभरात पिल्लं!" असं दुकानदार म्हणतातच. आडवं टांगायचं, तोंडाला भोक असलेलं ते छोटं मडकं. ते झोपायचं घर नाही. बजरीगर झोपतात फांदीवर. मडकं दिसलं की मादीला वाटतं अंडी घालायची वेळ झाली. एका वेळी चार ते सहा अंडी, एक दिवसाआड एक, साधारण १८ दिवस उबवणं, मग पिल्लं महिन्याभराने बाहेर. वय वर्षाच्या आत असलं किंवा कॅल्शियम कमी पडलं तर अंडं आत अडकून मादी दगावते. आणि जगलीच सगळी, तर सहा पिल्लं कुणाला देणार?

पहिलं वर्ष मडकं आणूच नका. पिल्लं नकोच असतील तर सरळ दोन नर घ्या. त्यांचं छान जमतं, एकमेकांना भरवतातही. दोन माद्या मात्र जागेवरून भांडतात, आणि ते भांडण रक्तापर्यंत जातं.

निवडताना

नर-मादी ओळखायची ती चोचीच्या वरच्या, नाकपुड्या असलेल्या मांसल पट्ट्यावरून. मोठ्या नराचा निळा, मोठ्या मादीचा तपकिरी किंवा फिकट. लहान पिल्लात नराचा एकसारखा गुलाबी-जांभळा असतो, तर मादीचा फिकट निळसर, आणि नाकपुडीभोवती पांढरं कडं. लाल डोळ्यांच्या पूर्ण पिवळ्या किंवा पांढऱ्या पक्ष्यात हे गणित चालत नाही, तिथे मोठ्या नराचाही पट्टा गुलाबीच राहतो.

कपाळावरच्या काळ्या रेघा चोचीपर्यंत आल्या असतील तर पक्षी तीन-चार महिन्यांच्या आतला. असाच घ्या, माणसाळतो लवकर. शेपटीखालची जागा कोरडी आणि स्वच्छ हवी, नाकपुड्या मोकळ्या हव्यात. फुगून, दोन्ही पायांवर, कोपऱ्यात झोपलेला पक्षी "गरीब आहे बिचारा" म्हणून घेऊ नका. तो आजारी आहे.

सकाळी जा. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, खाली कागद घालून, रिक्षाने थेट घरी. क्रॉफर्ड मार्केटहून आणणार असाल तर गर्दीच्या लोकलमध्ये खोकं घेऊन चढू नका, दुपारची गाडी पकडा. दुकानात जो दाणा खात होते तोच मागून घ्या आणि पहिले दोन आठवडे तोच द्या.

आणखी एक, हे आणण्याआधीच: पक्षी बघणारा डॉक्टर शोधून ठेवा. कुत्र्या-मांजरांचे सगळेच डॉक्टर तीस-चाळीस ग्रॅमच्या जिवाला हात लावत नाहीत, फोन करून विचारा. परळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि बाई साकरबाई पेटिट रुग्णालय आहे, ठाण्याहून धीम्या गाडीने सरळ जाता येतं. घरी स्वयंपाकाचा छोटा काटा असेल तर आठवड्याला वजन लिहून ठेवा. पक्षी आजार शेवटपर्यंत लपवतो, वजन लपवता येत नाही. श्वासाबरोबर शेपटी वरखाली हलत असेल तर उद्यावर ढकलू नका.

पहिले दिवस

आणल्यावर पिंजऱ्यात सोडायचं आणि दूर व्हायचं. दोन-तीन दिवस हात आत घालायचा तो फक्त दाणा-पाणी आणि कागदासाठी. बिल्डिंगमधली पोरं बघायला येतील, त्यांना दारातून दाखवा. पहिल्या दिवशी खाल्लं नाही तर तळाच्या कागदावर थोडे दाणे विखुरून ठेवा, जमिनीवरचं टिपणं त्यांना ओळखीचं असतं. चौथ्या-पाचव्या दिवसापासून पिंजऱ्याशेजारी बसून रोजचं काम करा, भाजी निवडा, फोनवर बोला. मग तळहातावर राळ्याचं कणीस धरून हात आत, न हलवता. आमच्याकडे बंड्या नवव्या दिवशी हातावर आला, नान्याने सव्वा महिना घेतला.

हातावर यायला लागल्याशिवाय बाहेर सोडू नका. सोडायच्या दिवशी खिडक्या बंद, काचांवर पडदे, गॅस बंद, बादलीवर झाकण, पंख्याच्या बटणावर चिकटपट्टी. आणि पहिल्यांदा एकालाच सोडा. नान्या पहिल्या दिवशी पडद्याच्या दांडीवर जाऊन बसला तो तीन तास हलला नाही. टॉवेल घेऊन मागे धावायचं नाही, एकदा धावलात की महिन्याची मेहनत पाण्यात. मी हॉलमधला दिवा मंद केला, पिंजऱ्याचं दार उघडं ठेवून आत कणीस टांगलं आणि पोळ्या लाटायला गेले. बंड्याला आतल्या खोलीत दुसऱ्या छोट्या पिंजऱ्यात ठेवलं होतं, त्याला आणून मोठ्या पिंजऱ्याच्या शेजारी ठेवला. त्याने दोन हाका मारल्या, आणि नान्या खाली उतरून आपणहून आत गेला.